दरेकसातली बाळंतीण कोणत्या कलमात बसते?

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका १४ वर्षांच्या मुलीला गर्भपाताची परवानगी दिली आणि पालकांचं मन बदलल्यावर आठवडाभरात ती मागेही घेतली. या निकालपत्रात ‘गर्भवती स्त्री’ऐवजी ‘गर्भवती व्यक्ती’ असा उल्लेख आहे. ट्रान्स पुरुषांना आणि काही नॉन-बायनरी व्यक्तींनाही गर्भ राहू शकतो, म्हणून. तपासणीच्या खोलीत एवढं भान ठेवायला कुणाची हरकत नसावी.

पण शब्द रुंदावला की हक्कही रुंदावतो, हा भ्रम गोंदियातल्या सालेकसा तालुक्यातल्या दरेकसात टिकत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे आस्थापनेत मजुरीवर असलेली स्त्री होती. २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, पण आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची अट राहिली. मे महिन्यात तेंदूपानं तोडायची, पावसात रोवणीला जायचं, तेही आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या. दिवस भरले तरी हजेरी कुणाच्या वहीत? मुंबई इलाख्याचा १९२९ चा कायदाही कारखान्यांपुरताच होता. शंभर वर्षं होत आली. याच गावच्या स्टेशनावर रेल्वेच्या नोकरीतला बाप मात्र १५ दिवसांची पितृत्व रजा हक्काने मागू शकतो.

आणि गरोदर बाईची नोंद ठेवणारी आशा? ती मानधनावर. कायद्याच्या लेखी ती कर्मचारीच नाही, त्यामुळे २६ आठवडे तिच्यासाठी नाहीत. पहिल्या बाळंतपणाला मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी.

कायदा बदलणं आरोग्य केंद्रातल्या मंडळींच्या हातात नाही; त्यांच्या हातात आहे तो नोंदीचा कागद. गोंदियाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये बाई ‘एएस’ म्हणजे वाहक निघाली, की नवऱ्याचं रक्त तपासायलाच हवं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. पण कार्ड मातेचं, तपासणी मातेची, बोलावणंही मातेलाच. नवरा बाहेर बाकावर तंबाखू मळत बसतो आणि घरी गेल्यावर खोट तिच्या रक्तात ठरते.

त्या कार्डावरची ‘माता’ खोडण्याचं कारण नाही. बाकावरच्या माणसाला आत बोलावून त्याचा रिपोर्ट तिच्याच कार्डाला जोडणं येत्या ओपीडीपासून करता येईल, त्याला शासन निर्णय लागत नाही. आशांच्या रजेला तो लागेल, आणि ती मागणी डॉक्टरांच्या संघटनांनीही आपल्या निवेदनात घालायला हवी.