फिटनेस अ‍ॅप चालू, बॅटरी गुल! दोष नक्की कोणाचा?

गेल्या महिन्यात ट्रॅकिंग अ‍ॅप लावून सिंहगड चढलो आणि उतरताना फोन बंद. घरचे काळजीत, मी हतबल.

मित्रांनो, नुसती पावलं मोजण्यात बॅटरी फारशी जात नाही. अँड्रॉइड ४.४ पासून (२०१३) अ‍ॅप्सना त्यासाठी कमी वीज खाणारा सेन्सर वापरता येतो. खरे खादाड म्हणजे जीपीएस आणि पेटती स्क्रीन. त्यात रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत बसतो.

आपली चूक अशी, की एकच हिशेब आपण तीन-तीन अ‍ॅप्सना ठेवायला देतो. अँड्रॉइड १४ मध्ये हेल्थ कनेक्ट सिस्टीममध्येच आलं. २०२४ मध्ये गुगलने फिटचे जुने एपीआय बंद करणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे एकाने मोजायचं, बाकीच्यांनी तिथून वाचायचं. दिशा योग्य आहे, पण रोजच्या वापरातल्या जादा अ‍ॅप्सची लोकेशन परवानगी आपल्यालाच काढावी लागते.

मी आता लोकेशन एकाच अ‍ॅपला देतो. नकाशा आधीच डाउनलोड, मग डेटा आणि स्क्रीन बंद. बॅटरी सेव्हर मात्र जपून वापरा, काही फोनमध्ये त्याने ट्रॅक मध्येच तुटतो. २० टक्के उरले की रेकॉर्डिंग थांबवतो. पावलं उद्याही मोजता येतील, घरी फोन लागला पाहिजे.