गणिताला भाषा नसते?

'गणिताला भाषा नसते, आकडे सगळीकडे सारखेच' असे तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. मला हे म्हणणे अर्धेच पटते. आकड्यांना भाषा नसेल, प्रश्नाला मात्र असते.

हे पाहा : 3, 7, 11, 15, ... पुढची संख्या कोणती? 19, असे तुम्ही चटकन सांगाल. आता मराठीत विचारलेला प्रश्न वाचा : 'या अंकगणिती श्रेढीचा सामान्य फरक व सहावे पद काढा.' येथे हुशार मुलेही थांबतात. त्यांचे गणित अडलेले नसते; 'श्रेढी' आणि 'पद' हे शब्द अडलेले असतात. उद्या तुमच्यापैकी कोणी पोलीस भरतीची लेखी परीक्षा देईल. तीत असे प्रश्न मराठीत येतात. येत असलेल्या गणिताचा गुण केवळ एका शब्दापायी जावा, हे मला फार वाईट वाटते.

खरे म्हणजे हे शब्द कठीण नाहीत. ठरावीक क्रमाने मांडलेल्या संख्या म्हणजे क्रमिका. तिच्यातील प्रत्येक संख्या हे एक पद. कोणत्याही पदातून त्याच्या आधीचे पद वजा केले असता दर वेळी तीच संख्या येत असेल, तर ती अंकगणिती श्रेढी. ती संख्या म्हणजे सामान्य फरक. वर तो 4 आहे, म्हणून सहावे पद 23. 'श्रेढी' हा शब्द मराठी माध्यमाच्या मुलांनाही नवाच असतो. तो कोणाच्याही घरी बोलत नाहीत. उलट 'फरक', 'बाकी', 'वजा' हे तर तुमच्या ओळखीचे! अरबीतून आलेले हे शब्द मराठीने केव्हाच आपले केले आहेत.

काही शब्द मात्र फसवतात. उर्दूत तुम्ही 'जुफ्त' आणि 'ताक' म्हणता. मराठीत त्यांना सम आणि विषम म्हणतात. (मराठीत 'ताक' म्हणजे छाछ. तेव्हा उत्तरपत्रिकेत 'ताक संख्या' लिहू नका!) 'वर्ग' म्हणजे तुम्ही बसता ती खोली, पण 5 चा वर्ग म्हणजे 25. हसू नका, तुमच्या 'मुरब्बा'ची गंमतही अशीच आहे. 1, 3, 5, 7, 9 या पहिल्या पाच विषम संख्यांची बेरीज करून पाहा. तीही 25 च, म्हणजे 5 चा वर्ग. पहिल्या सहा विषम संख्या घेतल्या तर?

संख्यांच्या नावांतही क्रम सापडतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस : प्रत्येक वेळी पुढच्या दशकाला एक कमी. उर्दूतही उन्नीस, उनतीस, उनतालीस असेच चालते. ही माळ दोन्ही भाषांत 79 पर्यंत बरोबरीने जाते. 89 ला उर्दू वळण घेते आणि 'नवासी' म्हणते. मराठी मात्र 'एकोणनव्वद' म्हणून नियम पाळते. मग 99 ला मराठी काय म्हणते? शेजारच्या मराठी बोलणाऱ्या मित्राला विचारा, आणि त्याला उर्दूतले 99 सांगा.