अक्षरांना कर्ता असतो

‘कला’ हा शब्द उच्चारतांच आमच्या सुशिक्षित वर्गाच्या डोळ्यांपुढें चौकटींत बसविलेलें चित्र उभें राहतें. फार तर एखादा पुतळा. ज्या अक्षरांतून या वर्गानें सारें वाङ्मय वाचलें, त्या अक्षरांनाहि कोणी कर्ता असतो, ही कल्पना त्याला शिवत नाहीं. ही उदासीनता निरुपद्रवी आहे असें पुष्कळांना वाटतें. आम्हांस तें मान्य नाहीं.

रघुनाथ कृष्ण जोशी (1936–2008) यांचेंच उदाहरण घ्या. जाहिरातीच्या व्यवसायांत त्यांनीं बोधचिन्हें रेखाटलीं, मुंबईच्या आय. आय. टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रांत विद्यार्थी घडविले, कविता केल्या, आणि उतारवयांत सहकाऱ्यांसह संगणकासाठीं भारतीय लिप्यांचे अक्षरसंच सिद्ध केले. त्यांपैकीं ‘मंगल’ हा देवनागरी संच विंडोज 2000 या प्रणालीबरोबर कचेऱ्यांत आणि घरोघर पोंचला. बदलीचा हुकूम असो, मुलाचा अर्ज असो, कीं नवकवीची पहिली प्रत असो, तीं मंगलमध्यें उमटूं लागलीं. इतका वाचला गेलेला दुसरा मराठी कलावंत आम्हांस कोणी दाखवावा! आणि तरीहि, ज्या घरांत चार चित्रकारांचीं नांवें सहज घेतलीं जातात, तेथें यांचें नांव काढलें तर ‘कोणते जोशी?’ असा प्रश्न येतो.

यावर कोणी म्हणेल, हें कारागिराचें काम. उपयोगाची वस्तु म्हणजे कला नव्हे. मग वेरूळचें कैलास लेणें काय निरुपयोगी म्हणून कोरलें होतें? त्या काळच्या संगणकाच्या पडद्यावर अक्षर मोजक्या ठिपक्यांतून उभें करावें लागे. वर वेलांटी व मात्रा, खालीं उकार, मध्यें जोडाक्षरांची दाटी, आणि हें सर्व एका ओळीच्या उंचींत. त्यांत काय ठेवावें व काय सोडावें याचा निर्णय यंत्र करीत नाहीं. रसिक डोळाच करतो.

हा विसर आजचा नव्हे. 1869 मध्यें निघालेल्या निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी जाणत्यांना ठाऊक असतात. परंतु त्याच्या सुबक खिळ्यांमागें ज्यांचा हात होता, ते राणूजी रावजी आरू किती जणांना ठाऊक आहेत? जपानकडे पाहा. तेथील अभिकल्पकार इक्को तानाका (1930–2002) यांनीं 1981 सालीं एका नृत्यप्रयोगासाठीं केलेलें जाहिरातीचें भित्तिपत्रक आज संग्रहालयांत जपलें जातें.

जेथें कर्त्याचें नांव नाहीं, तेथें टीकाहि होत नाहीं. मंगलच्या मूळ ठेवणींतील ‘ल’ हिंदी वळणाचा आहे. त्यावर समीक्षकांनीं कडाडून वाद घालावयास हवा होता, कारण वाद घालणें हाहि कलावंताचा मानच असतो. तसें झालें नाहीं. पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरण्याचें काम 2022 सालीं शासननिर्णयाला करावें लागलें.

या उपेक्षेचें फळ पाहावयाचें असेल तर धायरीस जावें. 2017 सालीं पुणें महापालिकेंत आलेल्या या गांवांत फाट्यापासून धारेश्वराच्या देवळाकडे जातांना पाट्याच पाट्या दिसतात. जागेंत मावावींत म्हणून अक्षरें दोन्ही बाजूंनीं चेपलेलीं. मिठाईच्या दुकानाला जें वळण, तेंच श्रद्धांजलीच्या फलकाला. नव्या घराच्या फरशीचा रंग निवडण्यांत आठवडे घालविणारें कुटुंब दारावरील स्वतःच्या नांवाचें अक्षर मात्र पाटीवाल्याच्या मर्जीवर सोडतें. दोष पाटीवाल्याचा नव्हे. जें कोणी मागत नाहीं तें तो कोठून देणार?

म्हणून आमचें मागणें साधें आहे. प्रकाशकांनीं प्रत्येक पुस्तकांत मुखपृष्ठकाराप्रमाणें अक्षरसंचाचें व त्याच्या कर्त्याचें नांव छापावें. परीक्षकांनीं मजकुराबरोबर अक्षराचीहि परीक्षा करावी. आणि वाचकांनीं निदान आपल्या दारावरची पाटी करवितांना ‘हें अक्षर कोणाचें?’ असें विचारावें. मराठीच्या अभिमानाचीं भाषणें पुष्कळ झालीं; आतां ती भाषा ज्या रूपानें डोळ्यांना दिसते त्या रूपाची कोणी चाड धरील काय?