कुऱ्हाड, करवत आणि शिळं पेट्रोल

गेल्या पोळ्याला सावरगावला होतो. माझ्या मावसबहिणीचं ते सासर. मधे जाम नदी, पलीकडे पांढुर्णा. २०२३ साली पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, पण ओसरीवर बसलं की कानावर पडते ती आपली मराठीच, वऱ्हाडी वळणाची. गोव्याच्या माणसाला तिची लय लागायला एक दिवस पुरतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार असते, हे तुम्ही वाचलं असेल. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, शेंड्याला झेंडा. पांढुर्ण्याचे लोक ते तोडायला येतात, सावरगावचे त्यांना दगडांनी अडवतात. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, काही वेळा जीवही गेले आहेत. मला हा खेळ पटत नाही, आणि हे मी भावोजींनाही सांगितलं. पण एक गोष्ट मनात राहिली. ते झाड तोडतात कुऱ्हाडीनं. कोणाच्या हातात यंत्र नसतं.

यंत्र भावोजींच्या गोठ्यात होतं. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावरची बाभूळ पावसाळी वाऱ्यात आडवी झाली, म्हणून त्यांनी चेनसॉ बाहेर काढला. दोन वर्षांपूर्वी घेतलेला, ५८ सीसीचा, २२ इंची पट्टीचा. दोरी ओढून ओढून दोघांचे खांदे दुखले, पण यंत्रानं हूं की चूं केलं नाही. शेवटी ते म्हणाले, "घेतली त् घेतली भाऊ, पण चालतेच नाही!"

टाकीचं झाकण उघडलं आणि वास आला, तसं कारण कळलं. आधल्या उन्हाळ्यातलं पेट्रोल आत तसंच होतं.

मला हे कळलं ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्या कुळागरातला फणस विहिरीवर पडला. तेव्हा मीही घाईनं असंच मोठं यंत्र आणलं, दोन दिवस वापरलं आणि कोपऱ्यात ठेवलं. पुढच्या वर्षी ते सुरू झालं नाही. दुरुस्तीवाल्यानं कार्बोरेटर उघडून आतले कडक झालेले रबरी पडदे दाखवले.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमधलं तेलच त्याचं वंगण. जुन्या स्कूटरवाल्यांना पंपावरचं टू-टी ऑइल आठवत असेल, तोच प्रकार. बहुतेक यंत्रांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली; काहींना २५:१, म्हणजे ४० मिली. आपल्या यंत्राचं प्रमाण पुस्तिकेत बघावं. तेल कमी पडलं तर सिलिंडर खरवडतो, जास्त झालं तर धूर आणि काजळी.

आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी पुरेसं जमलं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. यंत्राची नळी ओढते तळाचं. म्हणजे चुकून सुरू झालंच, तर इंजिन तेलाविना फिरणार! गोव्याच्या दमट हवेत हे आणखी लवकर होतं. म्हणून मिश्रण अर्धा लिटरच करावं, महिन्याभरात संपेल इतकं. काम झालं की टाकी रिकामी करावी आणि यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. गरम यंत्रात पेट्रोल ओतू नये. साखळीचं तेल वेगळं असतं, तेही विसरू नये.

आणि मुळात एवढं मोठं यंत्र हवंच कशाला? "एकदाच घ्यायचं तर मोठं घ्या" हा आपला जुना हिशेब. तो पातेल्याला लागू पडतो, करवतीला नाही. भावोजींचं नेहमीचं काम म्हणजे तोडणीनंतर संत्र्याची सल काढणं. वाळक्या फांद्या कात्रीनं आणि आरीनं निघतात, वर बोर्डो पेस्ट लावली की झालं. त्याहून जाड फांदीला बॅटरीवरचा लहान चेनसॉ भरपूर झाला. त्यात शिळं व्हायला पेट्रोलच नाही. पेट्रोलचाच हवा असेल तर ३५-४० सीसी, १४ ते १६ इंची पट्टी. त्याहून जाड खोडासाठी रोज हेच काम करणारा माणूस बोलवावा. त्याची मजुरी आपल्या यंत्राच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि त्याच्या घरची चूलही पेटते.

पैशांहून मोठी गोष्ट हातापायांची. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला, तर यंत्र क्षणात उलटून तोंडाकडे येतं. साखळीचा ब्रेक असतो तो याचसाठी. लांब पट्टी, सहा-सात किलो वजन आणि वर्षातून एकदा धरणारा हात... हे गणित मला धोक्याचं वाटतं. खांद्याच्या वर कापू नये, शिडीवर चढून तर नाहीच. कुऱ्हाड दमवते. दमलेला माणूस आपण होऊन थांबतो. यंत्र त्याला थांबू देत नाही.

हे सगळं सांगितल्यावर भावोजी हसले. म्हणाले, "नदीत दगड खाणाऱ्या गावाले तुम्ही हेल्मेट घालाले सांगता!"

मी म्हटलं, नदीतल्या दगडांचंही माझं मत तुम्हाला ठाऊक आहे.

असो. बाभूळ दुसऱ्या दिवशी गावातल्या एका लाकूडतोड्यानं दोन तासांत तोडून दिली. भावोजींनी टाकी रिकामी केली आणि यंत्र पुसून माळ्यावर ठेवलं. विकायचं म्हणतात. गिऱ्हाइकाला पेट्रोलची गोष्ट आधी सांगा, एवढंच मी निघताना म्हणालो.