विकाऊ घर आणि वातावरणाची समीक्षा

मालवण ते वेंगुर्ले या किनारपट्टीवरील जुनी घरे जाहिरातींतून विकली जाऊ लागली, ही घटना जमीनजुमल्याच्या व्यवहारातली म्हणून मराठी समीक्षेने आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे. हा सोवळेपणा टिकणारा नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, सारवलेले खळे, तुळशीवृंदावन, परसातले माड आणि दूरवर समुद्राची गाज : जुन्या घराला ‘हेरिटेज’ ठरविणारी ही सामग्री विक्रेत्याने स्वतः शोधलेली नव्हे. कोकणविषयक कथा-कादंबऱ्यांच्या परीक्षणांतून, प्रस्तावनांतून आणि पाठ्यपुस्तकी टिपांतून ‘वातावरणनिर्मिती’ या एका शब्दाखाली ती अनेक दशके साठत आली आहे. दलालाने तिला फक्त भाव लावला.

सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली घोषित झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि २०२५ मध्ये सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे किल्ले मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेले. किल्ल्याला यादी आहे, कायदा आहे, खाते आहे. गावातल्या घराला यांपैकी क्वचितच काही असते. इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यापासून खेड्यातल्या साध्या कॉटेजचीही श्रेणी लावून नोंद होऊ शकते आणि अशी नोंद झालेले घर विकत घेणाऱ्याला त्याची खिडकीसुद्धा मनमानीने बदलता येत नाही. इथे त्या श्रेणीचे काम विशेषणे करतात. म्हणूनच ती कोण पुरवतो आणि ती काय झाकतात, हा प्रश्न समीक्षेचा ठरतो.

जाहिरात जे वगळते तेच नेमके वातावरणवादी समीक्षाही वगळते. कोकणातले घर सहसा एकाचे नसते. सातबाऱ्यावर आणि घरपत्रकावर नावांची रांग असते. त्यांतले काही मुंबईला, काही मृत, काही केवळ ‘सामाईक’ या शब्दापुरते उरलेले. अकरा महिने कुलूप असलेले मूळ घर चतुर्थीला उघडते, कारण भावकीचा गणपती तिथेच बसतो. तो बसतो तोवर वाटणी पुढे ढकलली जाते. विकायचे ठरले की माहेरवाशिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला. त्या हक्काची किंमत किती घरांत चोळीबांगडीच्या भाषेत चुकती होते, हे गावात कोणालाही विचारावे. मांगरात कोण राहत होते, खळ्याच्या कडेपर्यंत कोणाला येता येई आणि उंबरठ्याच्या आत कोणाला येता येत नसे, याचाही एक नकाशा त्या घरात असतो. घराचे खरे स्थापत्य ते आहे. कौले त्याच्यावर नंतर चढतात.

मराठी लेखकांनी हे स्थापत्य ओळखले होते. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मध्ये घराण्याची भरभराट आणि पडझड खोतीपासून वेगळी काढताच येत नाही. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’मध्ये (१९७७) विलायतेहून परतलेला नायक आणि विधवांचे कोंडलेपण एकाच छपराखाली आहेत, तिथे वाडा शोभेचा नाही, तो वेडाची भीती पिढ्यान्‌पिढ्या पोसणारा आहे. ज्या आरवलीतून दळवी आले त्या परिसरावरच्या पुस्तकाचे नावच ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) असे आहे. मालकीहक्काच्या विरुद्ध याहून स्पष्ट शीर्षक सापडणे कठीण. खानोलकरांच्या ‘गणुराया आणि चानी’तील (१९७०) चानीला गावात घर नाही, आणि गावाचे गावपण तिला बाहेर ठेवण्यावरच उभे आहे. या तिन्ही लेखकांकडे वातावरण आहे, परंतु ते कोणाचा तरी श्वास कोंडणारे आहे.

परीक्षणांनी काय केले? पेंडशांकडून निसर्ग घेतला, दळवींकडून गमतीदार माणसे घेतली, खानोलकरांकडून गूढता घेतली. खोती, विधवा आणि चानी ‘आशय’ या सदरात चार ओळींत आटोपल्या आणि उरलेली पाने माडांना मिळाली. पुढे पाश्चात्त्य सिद्धांतांची ये-जा वाढली तेव्हा गास्ताँ बाश्लारचा आधार घेऊन घर म्हणजे स्वप्नांचे आश्रयस्थान, असेही सांगून झाले. हे स्वप्न माळ्यावर खेळणाऱ्या मुलाचे आहे. त्या माळ्याखाली चुलीपाशी आयुष्य काढलेल्या बाईचे नव्हे, हा भेद कोणाला करावासा वाटला नाही. देशीवादाच्या भरात ‘मातीशी नाते’ हा आणखी एक निकष आला. पण माती कोणाच्या नावावर, हे न विचारता तिच्याशी नाते जोडणे हा जमीनमालकाचाच दृष्टिकोन होय.

रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) मध्ये हीच चलाखी इंग्रजी कवितेत उघडी पाडली. बेन जॉन्सनच्या पेन्सहर्स्टवरील कवितेत मासे आणि पक्षी आपण होऊन यजमानाच्या ताटात येतात. पकडणारे, शिजवणारे हात कवितेतून नाहीसे झालेले असतात. कोकणावरील समीक्षेतही माड आपोआप वाढतात, खळे आपोआप सारवले जाते, आणि पावसाआधीची शाकारणी कोणी केली ते कळत नाही.

घराचे ऐतिहासिक मोल कशात असते, याचे एक विलक्षण उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर विक्रीला आले असता राज्य शासनाने २०१५ साली ते विकत घेतले. तिथे १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहत होते. ते त्या घराचे मालक नव्हते. तरी भाडेकरूच्या वास्तव्याने घर ऐतिहासिक झाले. याच आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. खोताच्या ओटीवर ज्याला बसता आले नसते, त्याच्या खोलीमुळे लंडनमधले घर वारसा ठरते. आणि कोकणातली ओटी मात्र त्याच्या विधेयकाचे नावही न घेता वारसा म्हणून मिरवते. या दोन मूल्यमापनांतली विसंगती समीक्षेला खटकायला हवी होती.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, साहित्य म्हणजे महसुली दप्तर नव्हे. मान्य, परंतु घराचा वास आणि घराचा हिस्सा ही दोन वेगळी वास्तवे असल्याचे लेखकांनी कधी मानले नाही, तो विभाग समीक्षकांनी पाडला. हक्क गमावलेल्या बहिणीला माजघराचा वास अधिक तीव्र येतो, आणि हा अनुभव सौंदर्यानुभवच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : घर विकले गेले नाही तर ते पडेल. हे खरे आहे. दरवर्षी छप्पर राखणे, वाळवीशी झुंजणे, लाकूड बदलणे मुंबईत दोन खोल्यांत राहणाऱ्या वारसांना परवडत नाही. गावात राहिलेल्या म्हाताऱ्या काकीच्या औषधपाण्याचा प्रश्न तर त्याहून आधीचा. विकणाऱ्याला नैतिक धडे देण्याचा अधिकार कोणाला नाही. विकत घेणारा कदाचित भिंती अधिक काळजीने राखील. विरोध विक्रीला नाही. घराबरोबर त्याचा भूतकाळही सोयीचा करून विकला जातो, आणि त्या सोयीचे शब्द समीक्षेच्या कोठारातून जातात, याला आहे.

तेव्हा कोकणच्या कादंबरीतील घराबद्दल लिहिताना ‘वातावरण’ हा शब्द काही काळ बाजूला ठेवून पाहावा. घर कोणाचे, त्यात कोणाच्या कष्टाचे किती, कोणत्या दाराने कोण आत आले आणि कोणाची सही शेवटी घेतली गेली, या प्रश्नांनी वाचन सुरू करावे. या प्रश्नांना तोंड देऊनही ज्या कृतीतले माड हलतात आणि समुद्र ऐकू येतो, तिचे वातावरण खरे. बाकीच्या वर्णनांची जागा विक्रीच्या पत्रकात आहे. तिथे ती आज अधिक मोबदला मिळवतात.