वैऱ्याची साक्ष

बांधाचा तंटा चावडीपुढें आला म्हणजे शहाणे पंच केवळ भावकीच्या साक्षीवर निकाल देत नाहींत. ज्याचें सोयरसुतक नाहीं, किंबहुना ज्याचें वैर आहे, त्याच्या तोंडून काय निघतें तें पाहतात. येशू ख्रिस्त खरोखर होऊन गेला कीं ती भक्तांनीं रचिलेली कथा, या प्रश्नासहि हीच कसोटी लाविली पाहिजे. बायबल बाजूस ठेविलें तर हातीं काय उरतें?

रोमचा इतिहासकार टॅसिटस इ. स. ११६ च्या सुमारास लिहितो कीं, ६४ सालच्या रोमच्या आगीचें खापर नीरो बादशहानें ख्रिस्ती लोकांवर फोडलें. त्या पंथाचा मूळ पुरुष ख्रिस्त यास तिबेरिअसच्या अमदानींत पिलात या सुभेदारानें देहांत शिक्षा दिली होती. टॅसिटस भक्त नव्हे. या धर्मास तो घातक खूळ समजतो. म्हणूनच त्याच्या शब्दास वजन! पिलाताचें नांव कोरलेला दगडहि १९६१ सालीं कैसरिया येथें सांपडला आहे.

प्लिनी हा दुसरा रोमन अंमलदार. हे लोक पहाटे जमून ख्रिस्तास देव मानून स्तुति गातात, असें त्यानें ११२ च्या सुमारास बादशहास कळविलें. खरें काढण्यासाठीं त्यानें त्या पंथांतील दोन दासींचा छळ केला. त्या बापड्यांचीं नांवें लिहून ठेवण्याची मात्र त्यास गरज वाटली नाहीं.

यहुदी इतिहासकार जोसीफस यानें ९३ च्या सुमारास येशूचा भाऊ याकोब याच्या वधाची हकीकत दिली आहे. बहुतेक विद्वान ती अस्सल मानतात. परंतु त्याच ग्रंथांत दुसरीकडे येशू हाच ख्रिस्त होता, अशी ओळ आहे. ख्रिस्ती न झालेला यहुदी असें कसें लिहील? ती ओळ मागाहून नकला करणाऱ्या भाविकांनीं घुसडली, हें पुष्कळ ख्रिस्ती पंडितच कबूल करतात.

तात्पर्य, असा मनुष्य होऊन गेला व सरकारनें त्यास मारिलें, इतकें मानण्यास चांगला आधार आहे. चमत्कार मात्र या कागदांनीं सिद्ध होत नाहींत. आणि भक्तानें घुसडलेल्या एका ओळीनें जोसीफसच्या खऱ्या शब्दांवरहि संशय आणिला!

शेतकरी व कारागीर बंधूंनो, परक्यांचा धर्मग्रंथ तपासणें सोपें असतें. त्या पंडितांनीं आपल्याच घरची खोटी ओळ खोटी म्हटली, हा त्यांचा खरा मोठेपणा. आपल्या घरांत वाचली जाणारी पोथी कोणीं लिहिली, केव्हां लिहिली, तींत मागाहून काय घातलें व त्यांत कोणाचा लाभ होता, हें आपण कधीं विचारणार?