चाळिशीनंतरचा इंटरव्ह्यू : घाम शरीराचा, तयारी तोंडाची

पनवेल परिसराने कामाची दोन युगे जवळून पाहिली आहेत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या रसायनी येथील कारखान्याने अनेक घरांची चूल पेटती ठेवली. २०१७ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने तेथील जवळपास सारे प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला. रॉकेटच्या इंधनासाठी लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवायचे ठरले. बहुतेक कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्ती हाच मार्ग उरला. त्याच पनवेल तालुक्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. एक दार बंद झाले, दुसरे उघडले, असे म्हणणे सोपे आहे. पण या दोन दारांच्या मध्ये इंटरव्ह्यूची एक खोली आहे. पंचेचाळिशीतला माणूस बहुधा तिथेच अडतो.

वीस-बावीस वर्षे एकाच ठिकाणी काम केलेल्या माणसाने शेवटचा इंटरव्ह्यू दिलेला असतो तो विशीत. आता समोर पुतण्याच्या वयाचा अधिकारी बसलेला असतो. ‘तुमच्याबद्दल सांगा’ असे तो म्हणतो आणि इकडे तोंडाला कोरड पडते, तळव्यांना घाम सुटतो, रोज हाताळलेल्या यंत्राचे नावही आठवत नाही. बाहेर पडल्यावर तो घरी सांगतो, ‘आता आपलं वय झालं.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे विज्ञान बऱ्यापैकी स्पष्ट सांगते.

प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण द्यायचा असेल, तर संशोधक नोकरीचा खोटा इंटरव्ह्यूच घेतात. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात किर्शबाउम, पिर्के आणि हेलहामर यांनी १९९३ मध्ये ही चाचणी मांडली. पाच मिनिटे आपण या नोकरीस कसे योग्य आहोत ते बोलायचे, पुढची पाच मिनिटे तोंडी वजाबाकी करायची, आणि समोरचे पॅनेल चेहऱ्यावरची रेषही हलवत नाही. एवढ्याने बहुतेक निरोगी तरुणांच्याही लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक ठळकपणे वाढते. २००४ मध्ये डिकरसन आणि केमेनी यांनी अशा २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लोक आपले मूल्यमापन करत आहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की प्रतिसाद सर्वांत तीव्र असतो, असे त्यात दिसले. म्हणजे थरथर हा वयाचा पुरावा नव्हे. त्या खोलीची रचनाच तशी असते.

वयाबरोबर मेंदूत काही बदलत नाही असे नाही. नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग तिशीपासूनच हळूहळू उतरतो. मात्र शब्दसंपदा आणि अनुभवातून साचलेले ज्ञान पन्नाशीपर्यंत आणि त्यापुढेही वाढत राहते. अडचण अशी, की इंटरव्ह्यूत पहिल्या अर्ध्या मिनिटात वेग तपासला जातो आणि अनुभवाचा नंबर नंतर लागतो. म्हणून पन्नाशीच्या उमेदवाराने तयारी अशी करावी, की वेगाची गरजच कमी पडेल.

इथे बहुतेकांची एक चूक होते. बायोडेटा पुन्हा पुन्हा वाचला, मोबाइलवर उत्तरांचे व्हिडिओ पाहिले, की तयारी झाली असे वाटते. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या सवयीला चपराक आहे. मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते. पण आठवड्यानंतर पुढे होते ते, न बघता आठवून लिहिणारे. वाचल्याने ओळख पक्की होते, आठवल्याने स्मरण. उत्तरे त्यामुळे तोंडाने, मोठ्याने, कागद बाजूला ठेवून द्यायला हवीत.

आणि ती कुणासमोर तरी द्यायला हवीत. किर्शबाउम यांच्याच गटाने १९९५ मध्ये २० पुरुषांना पाच दिवस रोज या ताणचाचणीला सामोरे नेले. १३ जणांच्या कॉर्टिसॉलचा प्रतिसाद पहिल्या दिवसानंतर झपाट्याने ओसरला. उरलेल्या सात जणांत तो टिकून राहिला, आणि या सात जणांचे स्वतःबद्दलचे मत तुलनेने खालचे होते. प्रयोग छोटा आहे, पण दोन्ही अर्थ घेण्याजोगे आहेत. सराव बहुतेकांना उपयोगी पडतो. ज्याचा आत्मसन्मानच नोकरीबरोबर गेला आहे, त्याला मात्र नुसता सराव पुरत नाही. त्याच्या घरच्यांनी ‘काय झालं, लागली का?’ हा प्रश्न रोज विचारू नये, हाही तयारीचाच भाग आहे.

सरावाचा विषय कोणता? क्षेत्र बदलताना खरे काम असते ते जुना अनुभव नव्या भाषेत सांगण्याचे. ‘रासायनिक प्लांटवर ऑपरेटर होतो’ या वाक्यातून विमानतळावरच्या मालवाहतूक विभागाला काहीच कळत नाही. पण रात्रपाळीत लॉगबुक चोख ठेवणे, पुढच्या पाळीला कामाचा ताबा देणे, वर्क परमिटशिवाय कुणाला काम करू न देणे, मॉक ड्रिलमध्ये माणसे बाहेर काढणे, हे सारे तिथेही लागते. अशा खरोखर घडलेल्या पाच-सहा गोष्टी निवडाव्यात. काय घडले, आपण काय केले, त्यातून काय निष्पन्न झाले, एवढे प्रत्येकीत दोन मिनिटांत बसवावे. ‘पगार कमी चालेल का?’ आणि ‘लहान वयाच्या साहेबाच्या हाताखाली काम कराल का?’ हे प्रश्न येणारच. त्यांची उत्तरे घरात आधीच ठरवावीत.

शरीराचीही थोडी काळजी हवी. आदल्या रात्रीची झोप पाठांतरासाठी मोडू नये. मधुमेह वा रक्तदाब असेल तर गोळी आणि जेवण चुकवू नये, कारण बाहेरच्या बाकावर दोन तासही जातात. धडधड वाढली की ‘शांत हो’ असे स्वतःला बजावून फारसे काही साधत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगांत, त्याच धडधडीला ‘उत्साह’ म्हणणाऱ्यांचे भाषण अधिक चांगले झाले.

तरीही सारा भार उमेदवारावर टाकणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेत ४० वर्षे व त्यावरील लोकांना वयावरून नाकारण्यास १९६७ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याची तरतूद आहे. पंधरा दिवसांच्या पगारात वीस वर्षांची सवय बदलत नाही. कंपन्यांनी निदान सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून ठरलेल्या मापाने गुण द्यावेत. गप्पांवर चालणाऱ्या इंटरव्ह्यूपेक्षा ही पद्धत पुढच्या कामाचा अंदाज अधिक चांगला देते, हे अनेक दशकांचे संशोधन सांगते.

पनवेलमध्ये यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. आयटीआयचा एखादा वर्ग, वाचनालयाचा हॉल, रविवारचे दोन तास आणि निवृत्त अधिकाऱ्यांतले तिघे पॅनेल म्हणून बसायला तयार असले, तरी भागते. महापालिका, सिडको आणि कामगार संघटनांनी हे मनावर घ्यावे. ज्या तालुक्यातील लोकांनी विमानतळासाठी आपल्या जमिनी दिल्या, तिथल्या पंचेचाळिशीतल्या माणसाला निदान पहिला इंटरव्ह्यू चुकवायची मुभा असावी, आणि तो खोट्या पॅनेलसमोर चुकावा.